आपांनी गिळलेलं एक वाक्य

आपा माणसाकडे खालून वर बघत. पुण्यात एखाद्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची जुनी पद्धत आहे आणि तिच्यात समोरच्याचा पाणउतारा करायची चांगली सोय असते. आपांची दिशा उलटी. आधी पाय, मग हात, मग नखं, आणि वेळ उरलाच तर शेवटी चेहरा. मी त्यांच्याकडे मुलाखतीला गेलो तेव्हा कडक इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेला भांग आणि मुद्रेवर विद्वत्ता अशी सगळी तयारी वरच्या मजल्यावर केली होती. आपांनी माझ्या पायांकडे पाहिलं. घाईघाईत मी एक काळा आणि एक तपकिरी मोजा चढवून आलो होतो.

"डावा मोजा आमच्या मुलाखतीसाठी आहे असं धरते," त्या म्हणाल्या. "उजवा कुठे जाणार आहे?"

नोकरी मिळाली. का मिळाली हे मला आजतागायत कळलेलं नाही. वर्तमानपत्रातून मला काढून टाकलं होतं, म्हणजे मी राजीनामा दिला होता असं मी सांगत असे, आणि आपा ते ऐकून घेत.

आमचं ऑफिस विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या डोक्यावर. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या लहानमोठ्या कारखानदारांना तिथल्या नियमांतून पार करायचं, हा आमचा धंदा. तिथल्या केंद्र सरकारचे रसायनांबद्दलचे नियम असतात, त्यांना ते फेडरल म्हणतात. लोणच्यात काय घातलेलं चालेल, कामाच्या जागी हवेत कसला वास किती चालेल, नदीत काय सोडायचं नाही, सगळं त्यात. लोक सकाळी चहाबरोबर पेपर वाचतात, तसे आपा हे नियम वाचत. मध्येच हसत. त्या नियमांत हसण्यासारखं काय असतं हे पाहायला मी एकदा त्यांच्या खांद्यावरून डोकावलो आणि तिसऱ्या ओळीला मला डुलकी लागली.

त्यांचं नाव शहनाज इनामदार. येरवड्यात जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या, शिक्षणानं रसायनशास्त्रज्ञ, आणि मराठी असं की फोनवर बोलणाऱ्या गिऱ्हाईकाला पलीकडे शनिवार पेठेतल्या कुणी इनामदारबाई आहेत अशी खात्री पटत असे. मग ते गिऱ्हाईक प्रत्यक्ष आलं की आपांसमोर उभं राहून त्यांनाच विचारी, "इनामदार मॅडम कुठे बसतात?" आपा शांतपणे म्हणत, "त्या आत्ताच आल्या. बसा." ऑफिसात मात्र सगळेच त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. आमचे साहेब त्यांच्याहून वयानं मोठे, रोज संध्या करणारे, तेसुद्धा.

माझं काम भाषांतराचं. प्रत्येक रसायनाबरोबर त्याच्या धोक्यांचा एक कागद येतो. तो मराठीत करायचा आणि कारखान्याच्या भिंतीवर लावायचा. पहिलाच कागद मी जीव ओतून केला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: "सदर द्रावकाच्या बाष्पांचे दीर्घकालीन श्वसन परिघीय चेतासंस्थेस अपायकारक ठरण्याचा संभव आहे." हे लिहून मी खुर्चीत मागे रेललो होतो. आपांनी कागद घेतला, जिना उतरून खाली गेल्या आणि टायरवाल्याला मोठ्यानं वाचून दाखवला. मी मागोमाग.

"काय समजलं?"

टायरवाला जरा विचार करून म्हणाला, "काहीतरी सरकारी आहे. घरपट्टी वाढली का?"

वर आल्यावर त्यांनी माझ्या वाक्यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'ह्याची वाफ रोज छातीत गेली तर हातपाय बधिर होतात. आधी पाय.' त्या दिवसापासून मी पंडित झालो. "पंडित, चहा सांगा," "पंडित, हे मराठीत आणा," आणि मी मराठीतच लिहिलेलं दाखवलं तरी, "छान. आता मराठीत आणा."

त्यांचा एक हट्ट होता. कागदावर सगळ्यात वाईट ओळ सगळ्यात वर. माझा कल सौजन्याकडे. आधी उपयोग, मग काळजी, मग जमलं तर धोका, असं मी रचत असे. आपा कात्रीनं शेवटची ओळ कापून वर चिकटवत. "माणूस पहिली ओळ वाचतो आणि कामाला लागतो. जी ओळ वाचून त्याला घरी जावंसं वाटेल, तीच वर पाहिजे. मग राहायचं की जायचं ते तो ठरवेल. आपण त्याच्यासाठी ठरवणारे कोण?"

हे त्या कुठून शिकल्या, ते एकदाच बोलल्या. त्यांचे वडील कल्हईवाले होते. गल्लीतली तांब्यापितळेची भांडी त्यांच्याकडे यायची. स्वस्तात काम हवं असलं की लोक कथलात शिसं मिसळायला सांगत. वडील भांडं परत करत. "कालवणात शिसं उतरेल, पोरं खातील," म्हणत. दुसऱ्यांच्या पोरांसाठी एवढं जपणारा हा माणूस दिवसभर नवसागराच्या पांढऱ्या धुरात उघड्या तोंडानं बसे. खोकून खोकून गेले. "लोकांचं भांडं चकचकीत राहिलं," आपा म्हणाल्या, आणि लगेच मला कुठला तरी कागद शोधायला लावला. तो कागद त्यांच्या हातातच होता.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही शिक्षा होती. मिठाईच्या दुकानात त्या जिलबीकडे बोट दाखवून विचारत, "हा पिवळा रंग कुणाचा?"

"आमचाच," दुकानदार. "पांढरी हवी असेल तर घरी करा."

"घरी केली तर तुमच्याकडे कशाला येईन?"

"नाही आलात तरी चालेल."

दोघंही समाधानानं एकमेकांकडे बघत. मग आपा काहीच न घेता बाहेर पडत आणि मी, ज्याला जिलबी हवी असे, त्यांच्यामागून.

कामगार किती वाफ छातीत घेतो हे मोजायला त्याच्या कमरेला एक छोटा पंप बांधतात आणि त्याची नळी कॉलरला लावतात. दिवसभर तो जी हवा घेईल तीच पंप घेतो. मला शिकवण्यासाठी आपांनी एकदा पंप माझ्यावरच चढवला. नेमकी त्याच संध्याकाळी मला मुलगी बघायला जायचं होतं. कारखान्यातून परस्पर जायचं, म्हणून दुपारीच मी अंगावर भरपूर सेंट मारून घेतलं. प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा आपांनी तो दोनदा वाचला. "पंडित, रंगाच्या कारखान्यात हवा उत्तम आहे. धोका फक्त तुमच्या आसपास आहे." मुलीकडूनही नकार आला. कारण कळवलं नाही, पण आपांचं मत होतं की त्यांना पंपाची गरज पडली नसावी.

असं सगळं चाललं होतं. मग वाघोलीचं काम आलं.

नगर रस्त्यावर, वाघोलीच्या पुढे, एक बॅगांचा कारखाना होता. बायकांच्या खांद्याला लटकवायच्या पिशव्या, सगळ्या अमेरिकेला जाणाऱ्या. तिकडच्या व्यापाऱ्याला हमी हवी होती की बॅगेत घातक रसायन उरलेलं नाही. आम्ही बॅगा तपासायला पाठवल्या. काही सापडलं नाही. शेठ खूश, आमचे साहेब खूश. मीही खूश, कारण शेठनं मला एक बॅग भेट दिली होती आणि ती कुणाला द्यावी ह्या गोड विचारात मी होतो. आपा एकट्याच अहवालाकडे बघत बसल्या.

"बॅग चिकटवतात कशानं?"

"डिंकानं. त्यात हेक्झेन असतं," मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

"मग ते बॅगेत का नाही?"

"उडून जातं."

"उडून कुठे जातं, पंडित?"

मी खिडकीकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तिकडची बाई खांद्याला बॅग लावील तिला नियम आहे. इकडची बाई ती चिकटवते तिचं काय? दोघींच्या छात्या काही वेगळ्या कंपनीच्या नाहीत."

त्यांनी शेठना गळ घातली की हवाही मोजून घेऊ. पुढेमागे व्यापारी विचारील तेव्हा कागद तयार असेल. शेठनं होकार दिला आणि दिवस ठरवून दिला. आम्ही गेलो तेव्हा सगळी शटरं वर होती, भिंतीतले पंखे गरगरत होते आणि डिंकाच्या टेबलापाशी माणसांपेक्षा स्टुलं जास्त होती. आपा पंख्याकडे बघून मला हळूच म्हणाल्या, "जाळीवर धुळीचा कण नाही. परवा लग्न झालेलं दिसतंय ह्याचं." तरी त्यांनी बायकांना पंप बांधले. दुपारी त्या नेहमीप्रमाणे बायकांतच डबा घेऊन बसल्या. कामगार कुठे जेवतो हे बघितल्याशिवाय त्या कुठलाही कारखाना बघितला असं म्हणत नसत. ह्या बायका डिंकाच्या टेबलाशेजारीच जेवत होत्या.

आणि तिथे त्यांनी पाय पाहिले. सगळ्या बायकांच्या साध्या सपाता, पण टेबलावरच्या चौघीपाचजणींनी सपातेला मागून नाडी बांधली होती. लहान मुलांच्या चपलेला बांधतात तशी.

"हे काय गं?"

"निसटती ओ, बाई," संगीता नावाची एक बाई हसून म्हणाली. "चालता चालता मागं ऱ्हाती, आन् कळतच न्हाई. परवा रिक्षात एकच घालून बसले. पाय हायेत का न्हाईत तेच कळंना आजकाल."

बाकीच्या हसल्या. आपाही हसल्या. मग म्हणाल्या, "उठ बरं. टाचांवर चालून दाखव." संगीता उठली. तिला पंजे वर उचलता येईनात. पुन्हा हशा झाला. दुसरीनं करून पाहिलं, तिलाही जमेना. मी मोठ्या उत्साहानं सगळ्यांना टाचांवर चालून दाखवलं आणि डिंकाचा एक डबा लवंडला. सुपरवायझर धावत आला. त्या गडबडीत मी आपांचा चेहरा पाहिला. त्यांनी पहिल्यांदाच कुणाच्या तरी पायांवरून नजर वर नेली नव्हती.

हवेचा आकडा मर्यादेच्या आत आला. येणारच होता. आपांनी अहवालात आकडा लिहिला आणि त्याच्यावर, सगळ्यात वर, संगीताचे पाय लिहिले. साहेबांनी त्यांना आत बोलावलं. दार उघडंच होतं.

"आपा, हे वाक्य काढू या. आपलं काम हवेचं. पायांचं नाही."

"हवा पायांपर्यंत पोचली आहे, साहेब."

"शेठ गेला तर निम्मं ऑफिस जाईल. मी पगार कुठून देऊ?" साहेब वाईट नव्हते. त्यांचा आवाज खरोखर रडवेला झाला होता. "आकडा मर्यादेत आहे ना? तुम्हीच म्हणता, आकडा सांगेल ते खरं."

"आकडा सांगेल ते खरं. पण त्या दिवशी आकडा बोलत नव्हता, पंखे बोलत होते."

अहवाल त्या वाक्याशिवाय गेला. त्याच्याखाली आपांचं नावही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, खुर्चीवरची उशी काखेत मारली, साहेबांना नमस्कार केला आणि जिना उतरल्या. मी मागे धावलो. टायरवाल्यासमोर उभं राहून मी एक भाषण सुरू केलं. त्यात निष्ठा, तत्त्व, अन्याय असे शब्द होते. आपा म्हणाल्या, "नोकरी सोडू नका, पंडित. तुम्हाला दुसरीकडे कुणी घेणार नाही. रविवारी स्कूटर आहे का?"

रविवारी आम्ही वाघोलीला संगीताच्या घरी गेलो. नवे टॉवर उभे राहिलेत त्यांच्या मागे, पत्र्याची एक खोली. नवरा टेम्पो चालवायचा, पण टेम्पो दुसऱ्याचा, म्हणून घर तिच्या पगारावर. आपांनी तिला सगळं समजावलं. डिंकातून काय उडतं, ते छातीतून रक्तात कसं जातं, पायांच्या नसा कशा मरगळतात. असंच चाललं तर हातही जातील, हे सांगितलं. संगीता ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आन् सोडलं काम, तर बरी व्हईन?"

"हो," आपा म्हणाल्या.

मी थांबलो. आता पुढचं वाक्य येणार, असं मला वाटलं. कारण हेक्झेनचा तो कागद मराठीत मीच आणला होता, दहादा कापून घेतला होता, आणि त्यात ते वाक्य होतं: ह्या रोगात वाफेपासून दूर गेल्यावरही पहिले काही महिने पाय आणखी बिघडतात, आणि मग हळूहळू सुधारतात. आपा गप्प बसल्या. संगीतानं नवऱ्याकडे पाहिलं. "सोडते मग," ती म्हणाली.

परतताना येरवड्यात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर आपा पदर सारखा करत म्हणाल्या, "एक वाक्य मी गिळलं, पंडित. तुमच्या लक्षात आलं असेल."

"आलं."

"सांगितलं असतं तर ती उद्या कामावर गेली असती. नोकरीही जायची आणि पायही जायचे म्हटल्यावर कोण सोडेल? बरं वाटायला लागलं की सांगेन."

मी म्हटलं, बरोबर केलंत. मला खरंच तसं वाटलं. माझं सगळं आयुष्य वाईट ओळ खाली ढकलण्यात गेलेलं. कुणी तरी अखेर माझ्या पद्धतीनं वागलं, ह्याचं मला थोडं बरंसुद्धा वाटलं असेल.

संगीताचे पाय बिघडले. ठरल्याप्रमाणे, कागदात लिहिल्याप्रमाणे बिघडले. ती भिंत धरून चालू लागली, मग भिंत धरूनही पडू लागली. नवरा उचलून संडासला नेई. वस्तीत एकच गोष्ट पसरली: कामावर होती तोवर चालत होती, त्या बाईंनी काम सोडायला लावलं आणि पाय गेले. सुपरवायझरला तेवढंच हवं होतं. नाडी बांधणाऱ्या बाकीच्यांपैकी दोघी काम सोडायच्या विचारात होत्या. त्या गप टेबलाला परत बसल्या.

आपा धावत गेल्या. संगीताला ते राहिलेलं वाक्य सांगितलं: हे असं होतं, आधी वाढतं, मग कमी होतं. संगीतानं भिंतीकडे तोंड केलं. नवरा दारात येऊन एवढंच म्हणाला, "बाई, आता बास करा." चूक झाल्यावर सांगितलेलं खरं खोट्यासारखंच दिसतं, हे आपांना त्या दारात कळलं असावं. त्यांनी सरकारात रीतसर तक्रारही केली होती. तपासणी झाली. पंखे फिरत होते.

मग त्या जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकासमोर चहावाल्याच्या बाकावर जाऊन बसू लागल्या. येरवड्याहून बसनं, उन्हात. बायका बाहेर येत, चहाचा कप घेत आणि पाठ करून उभ्या राहत. आपा त्यांच्या पाठींना सांगत, "आधी वाढतं, मग कमी होतं. घाबरू नका." सुट्टी काढून मी एकदोनदा बरोबर गेलो. एका बाईनं मला ओळखलं. "हे ते, डबा सांडणारे," ती शेजारणीला म्हणाली. त्या बाकावर माझी तरी काही किंमत होती. आपांची तीही उरली नव्हती. परत निघताना चहावाला त्यांच्याकडून पैसे घेत नसे, आणि त्या रोज बाकावर ठेवून येत.

त्यातच त्यांची तब्येत ढासळली. पायांना सूज, धाप. हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालं आहे. मी जाऊन म्हटलं, "आपा, हे तर आम्हाला आधीपासूनच माहीत होतं." त्या म्हणाल्या, "पंडित, ही कोटी ह्या वॉर्डात सकाळपासून तिघांनी केली आहे. तुमचा नंबर चौथा." मग नर्स गेल्यावर, धाकटी बहीण पाणी भरायला बाहेर गेल्यावर, त्यांनी मला जवळ बोलावलं.

"संगीताकडे जा. तिला विचारा, मी ते वाक्य तेव्हाच सांगितलं असतं, तर तिनं काम सोडलं असतं का?"

"आता कशाला, आपा?"

"मला कळलं पाहिजे. नसतं सोडलं म्हणाली तर मी केलं ते ठीक. सोडलं असतं म्हणाली तर..." त्यांना धाप लागली. "जा तुम्ही."

मी गेलो. संगीता दारात बसली होती. फरशी गार लागते हे पायांना थोडं कळायला लागलंय, असं ती म्हणाली, पण आनंदानं नाही. मी प्रश्न विचारला. तिनं जे उत्तर दिलं ते ऐकून स्कूटरवर मी खोट्याची तयारी करत आलो. खोटं बोलायचा माझा सराव दांडगा. मरणाऱ्या माणसाला एक वाक्य बदलून सांगायचं, एवढंच तर होतं. पलंगाशी बसून मी म्हटलं, "ती म्हणाली, तेव्हा कळले असते तर मी काम सोडले नसते."

आपांनी डोळे मिटूनच विचारलं, "संगीता 'सोडले नसते' म्हणाली?"

"हो."

"पंडित, तुम्ही घाबरलात की तुमचं मराठी शुद्ध होतं. तिचे शब्द सांगा."

मग मला सांगावं लागलं. संगीता म्हणाली होती, "सोडलंच असतं की. पाय माझे हायेत, मला कळत न्हाई व्हय? पन आधी वाढंल म्हनून सांगितलं असतं तर एवढी भ्याले नसते. आन् त्या पोरींना मीच सांगितलं असतं, माझं बघून भिऊ नका. त्यांनी माझं ऐकलं असतं. बाईंनी मला लेकरू धरलं."

बाहेर कुणाचा तरी डबा आला होता, झाकणांचे आवाज येत होते. मला वाटलं आपांना झोप लागली.

"बरोबर बोलली," शेवटी त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी मी ठरवलं." आणि थोड्या वेळानं, "अजून त्या पोरी टेबलावरच आहेत ना?"

"आहेत."

त्यावर त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मी त्यांना काही तरी म्हणायला हवं होतं.

त्या आठवड्यातच त्या गेल्या. सकाळी बहिणीचा फोन आला: जोहरनंतर दफन. मी वाघोलीला फोन केला, का केला कोण जाणे. संगीता म्हणाली, मला न्या. मी तिला आणायला गेलो. नवऱ्यानं तिला उचलून स्कूटरवर बसवलं. जोहर म्हणजे दुपारची नमाज एवढं मला ठाऊक होतं, पण दुपार म्हणजे माझी दुपार, जेवून, वामकुक्षी आटोपून उगवणारी, अशा हिशेबानं मी निघालो होतो. त्यात नगर रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या. आम्ही येरवड्याच्या कब्रस्तानाशी पोचलो तेव्हा लोक हात झटकत बाहेर येत होते. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढून ती नमाज किती वाजता होते हे मी कधी विचारलं नव्हतं. संगीता बाहेर पारावर टेकली. मी आत जाऊन आलो. ओली माती होती. तिच्यावर कुणी तरी पाणी शिंपडून गेलं होतं.

बाहेर आलो तर संगीता म्हणाली, "उद्या दुपारी मला कंपनीच्या गेटवर न्या."

दुसऱ्या दिवशी मी तिला नेऊन त्याच चहावाल्याच्या बाकावर बसवलं. सुट्टी झाली. बायका बाहेर आल्या, तिला बघून थबकल्या. तिला फार वेळ उभं राहता येत नाही हे सगळ्यांना दिसत होतं. काहींनी पाठ केली. संगीता पाठींशी बोलली नाही. ती वाट बघत बसली. शेवटी टेबलावरची एकजण कप घेऊन जवळ आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "खरंच वाढतं का गं आधी?"

"वाढतं," संगीता म्हणाली. "लई वाढतं. संडासला उचलून न्यावं लागतं. रडू येतं." मग म्हणाली, "आता फरशी गार लागती."

संगीता बाकावर सरकली आणि ती बाई टेकली. चहा संपेपर्यंत दोघी बसल्या. मग घंटा झाली आणि ती उठून आत गेली. बाकीच्यांबरोबरच गेली. मी संगीताकडे पाहिलं. मला वाटलं ती रडेल. ती माझ्यावर वैतागली होती.

"उद्या जरा आधी न्या मला," ती म्हणाली. "जेवायला बसायच्या आत. जेवल्यावर कुनी ऐकत न्हाई."